दूध-गहू बंद करण्याआधी: ऑटिझम असलेल्या मुलाच्या आहाराची चाचणी कोणत्या क्रमाने घ्यावी

थेरपी सेंटरबाहेर, चपलांच्या रॅकशेजारच्या बाकावर महिन्यातून एकदा तरी हे ऐकू येतंच: "आम्ही सोमवारपासून दूध, गहू, साखर, सगळं बंद केलंय." तीन आठवड्यांनी तीच आई म्हणते, "फरक आहे बहुतेक." दोन महिन्यांनी मूल वाळलेलं असतं, घरात सासू-सुनेचं बिनसलेलं असतं, आणि दुधाने खरंच काही होत होतं का, हे कुणालाच सांगता येत नाही.

मीही हेच केलं होतं. मुलगा चार वर्षांचा होता. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बंद केल्या. त्याच आठवड्यात स्पीच थेरपी सुरू झाली आणि शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. त्याची झोप सुधारली आणि सुट्टी संपल्यावर परत बिघडली. यातलं कशामुळे काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. दोन किलो वजन मात्र गेलं.

अन्नामुळे ऑटिझम होत नाही आणि पथ्याने तो जात नाही. पण ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी जास्त आढळतात. ज्याला "पोट दुखतंय" म्हणता येत नाही, ते मूल डोकं आपटतं, चावतं, रात्री दोनला उठून बसतं. दुखणं कमी झालं की हे वागणं कमी होऊ शकतं. आपल्याला शोधायचंय ते एवढंच.

थांबा: एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच किंवा तासा-दोन तासांत अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, धाप, सारख्या उलट्या असं कधी झालं असेल, तर पुढचं काहीही घरी करून बघू नका. ती अ‍ॅलर्जी असू शकते आणि तिची तपासणी डॉक्टरांसमोरच व्हायला हवी. असं आत्ता होत असेल तर १०८ ला फोन करा. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, वजन आधीच कमी असेल किंवा जेमतेम आठ-दहाच पदार्थ खात असेल, तर आहारतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही.

## १. आधी शी बघा

हा टप्पा सगळे गाळतात. माझ्या मते निम्म्या घरांचा प्रश्न इथेच सुटण्यासारखा असतो.

"रोज होते हो त्याला," हे उत्तर पुरेसं नाही. रोज थोडी थोडी होऊनही आत साठत राहू शकते. खड्यांसारखी किंवा भेगा पडलेली जाड शी, कुंथणं, कमोड तुंबेल एवढी मोठी शी, आठवड्यातून दोनदाच होणं, या बद्धकोष्ठाच्या खुणा आहेत. शी रोखून धरणारी मुलंही ओळखू येतात. पडद्यामागे जाऊन उभी राहतात, टाचा उचलून पाय आवळतात, चेहरा लाल होतो. आपल्याला वाटतं शी करायला जोर लावतोय. तो जोर ती थांबवायला लावत असतो. सोफ्याच्या हातावर पोट दाबून पडून राहणं हीसुद्धा खूण असू शकते.

सर्वांत जास्त फसवणारा प्रकार म्हणजे चड्डीला लागणारी पातळ शी. आत घट्ट गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपते. घरचे म्हणतात जुलाब लागलेत, दूध बाधलं. आणि जुलाब थांबवायचं औषध देऊन बद्धकोष्ठ आणखी वाढवतात.

काय करायचं:

बालरोगतज्ज्ञांना पोट तपासायला सांगा. "वागणं बिघडलंय" म्हणून सुरुवात केलीत तर चर्चा वागण्यावरच राहते. "शी अशी होते" असं म्हणा, मोबाइलमध्ये शीचा फोटो असेल तर दाखवा. लाजू नका, डॉक्टरांना त्यात नवीन काही नाही.

बहुतेक वेळा पाण्यात कालवून द्यायची पावडर लिहून देतात. ती आठवडाभर देऊन "झालं मोकळं" म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात. डोस वाढवणं, कमी करणं, थांबवणं डॉक्टरांना विचारूनच. घरच्या घरी एनिमा आणि "कोठा साफ करणारी" चूर्णं नकोत.

जेवणानंतर पाच मिनिटं कमोडवर बसवा, पायाखाली स्टूल ठेवा. लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही.

दूध मोजा. बाटलीची सवय न सुटलेली मुलं दिवसाला लिटरभर दूध पितात आणि त्यावरच जगतात. असं असेल तर दूध बंद करू नका, हळूहळू दिवसाला ४०० ते ५०० मिलीवर आणा. जास्त दुधाने बद्धकोष्ठ होतं, भूक मरते आणि रक्तातलं लोह उतरतं. लोह कमी असलेल्या मुलांची झोप अस्वस्थ असू शकते. काही जण माती, खडू, भिंतीचे पोपडे खातात.

तपासा: शी मऊ होऊन किमान तीन-चार आठवडे झालेत का? झाले नसतील तर पुढे जाऊ नका. दोन्ही एकत्र केलंत तर श्रेय दूध बंद केल्याला जाईल आणि काम औषधाने केलेलं असेल.

## २. रक्त तपासणी, गहू चालू असतानाच

गव्हाचा खरा आजार म्हणजे सिलियाक; त्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते. त्याची पहिली तपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए (आयजीए हे रक्तातलं एक प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी). ही दुसरी तपासणी सोडू नका. शरीरात आयजीएच कमी असेल तर पहिलीचा रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो.

ही तपासणी मूल रोज गहू खात असतानाच करायची असते. गहू बंद केला की रक्तातली प्रतिपिंडं उतरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येतो. आधी बंद, तीन महिन्यांनी तपासणी, आणि मग "सिलियाक नाहीये" असं समाधान, हा उलटा क्रम मी किमान चार घरांत पाहिलाय. तुमचा गहू आधीच बंद असेल तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा. परत किती आठवडे खायला घालून तपासायचं, ते डॉक्टर ठरवतील.

सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व करून घ्या. सुई एकदाच टोचू दे. आमच्यासारख्या मुलांना धरून बसवायला तीन माणसं लागतात, दुसरी खेप परवडत नाही. खासगीत जमत नसेल तर नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बालरोग ओपीडीला केसपेपर काढा. सकाळी लवकर जा, कानाला हेडफोन आणि हातात नेहमीचं खेळणं घेऊन.

थांबा: "दोनशे पदार्थांची सेन्सिटिव्हिटी टेस्ट" म्हणून जे पॅनेल विकलं जातं, ते बहुतेक आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडावर आधारलेलं असतं. आयजीजी एवढंच सांगतं की मूल तो पदार्थ खातं. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी यासाठी करू नका असंच सांगतात. आमच्या रिपोर्टमध्ये तांदूळ, मूग आणि केळं लाल रंगात आलं होतं, म्हणजे माझा मुलगा मनापासून खात होता ते तीनच पदार्थ.

## ३. दोन आठवड्यांची वही

अजून काहीही बंद करायचं नाही. फक्त लिहायचं.

पूर्ण दिवस लिहायला गेलं की चौथ्या दिवशी वही बंद पडते. म्हणून तीनच गोष्टी मोजा: शी कशी झाली, रात्री किती वेळा उठला, आणि वागण्यातली एक ठरावीक गोष्ट. ती गोष्ट मोजता आली पाहिजे. "चिडचिड केली" हे मोजमाप नाही. "डोकं आपटणं, किती वेळा, किती मिनिटं" हे मोजमाप आहे.

माझ्या वहीतला एक दिवस असा आहे:

मंगळवार. ७.१५ दूध, छोटा पेला, निम्मं. ८.३० पोहे, शेंगदाणे वेचून टाकले. डब्यातली पोळी परत आली. ४.४० शी, खडे, १२ मिनिटं कुंथला. ५.०० ते ५.२५ भिंतीला डोकं. बाहेर वरात, बँड. रात्री १.५० ला उठला, ३.३० ला झोपला.

फक्त "सकाळी दूध, संध्याकाळी डोकं आपटलं" एवढंच लिहिलं असतं तर दूध दोषी ठरलं असतं. त्या दिवशी खडे होते आणि बँडही होता. म्हणून खाण्याबरोबर आवाज, पाहुणे, सर्दी, बुडलेली थेरपी, गेलेली लाइट हेही दोन शब्दांत लिहा.

शाळेतल्या ताईंना एक वेगळा कागद द्या. त्यांनी त्यांचा आकडा लिहायचा, तुमचा बघायचा नाही.

तपासा: या दोन आठवड्यांत नवीन औषध, नवीन थेरपिस्ट, शाळाबदल, गावाला जाणं यांपैकी काही झालं का? झालं असेल तर दोन आठवडे पुन्हा.

## ४. पर्याय आधी, बंद नंतर

ऑटिझम असलेलं मूल "भूक लागली की खाईल" या नियमात बसेलच असं नाही. काही मुलं खरोखर उपाशी राहतात. त्यामुळे पोळी काढून घ्यायच्या दिवशी भाकरी पहिल्यांदा ताटात येणार असेल, तर तुमची चाचणी त्याच दिवशी संपली.

पोळी चालू असतानाच तीन-चार आठवडे आधी नवा पदार्थ त्याच ताटात, त्याच जागी, नखाएवढा ठेवा. खाल्ला नाही तरी चालेल. बघू दे, वास घेऊ दे, फेकू दे. रंगापासून सुरुवात करा. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याची नागली (नाचणी) सहज मिळते, पण पांढऱ्या पोळीची सवय असलेल्या मुलाला ती काळी भाकरी अनोळखी वाटते. तांदळाची भाकरी किंवा घावन आधी, मग त्यात चमचाभर नागलीचं पीठ, मग दोन चमचे. भगरही चालते, आणि ती तर नाशिकला कोपऱ्यावरच्या दुकानात असते.

दुधाला पर्याय निवडताना हिशेब करा. वाटीभर, म्हणजे २०० मिली दुधात २४० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५०, म्हणजे ४० ग्रॅमच्या भाकरीत १४० धरा, आणि त्यातलं सगळं अंगी लागत नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज ५५० आहे. पांढऱ्याशुभ्र नारळाच्या दुधात ना तेवढं कॅल्शियम असतं ना तेवढं प्रथिन. दिसायला दूध, एवढंच. शाकाहारी घरात दूध-दही हाच बी-१२ चा जवळजवळ एकमेव स्रोत असतो, म्हणून ते बंद करायच्या आधी डॉक्टरांशी औषधाचं बोला.

मग लपलेले पदार्थ शोधा. गहू म्हणजे फक्त पोळी नाही. रवा, मैदा, शेवया, पाव, टोस्ट हे माहीत असतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठात असतो, बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, दुधात घालायच्या पावडरींत माल्ट म्हणजे जव असतो. दुधाचं तसंच: बिस्किटं, ब्रेड, चॉकलेट, पेढा, "मिल्क सॉलिड्स" आणि "व्हे". पाकिटावर घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची ओळ असते. दूध आणि ग्लुटेन असलेलं धान्य तिथे लिहिणं बंधनकारक आहे. आधी ती ओळ वाचा, मग पाकिटाच्या पुढच्या बाजूचं कौतुक.

गिरणीचं सांगायलाच हवं. गव्हावर ज्वारी दळली की तुमच्या ज्वारीच्या डब्यात गव्हाचं पीठ आलंच. गिरणीवाल्या काकांना सांगून सकाळचं पहिलं दळण मागा, तेही आदल्या रात्री गहू निघाला नसेल तर. सिडको-सातपूरकडे बऱ्याच घरांत घरघंटी असते. शेजारणीकडे असेल तर नीट पुसून घेऊन वापरा.

शेवटी माणसं. आजी, शेजारच्या काकू, मंदिरातला प्रसाद. आमच्याकडे दोन आठवडे सगळं चोख चाललं होतं आणि एक दिवस शाळेच्या पँटच्या खिशात बिस्किटाचा चुरा सापडला. व्हॅनवाले काका रोज सकाळी शांत बसावा म्हणून त्याला एक बिस्किट देत होते. प्रेमानेच. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तपासा: पर्यायांपैकी निदान तीन पदार्थ मूल आपणहून खातंय का? कॅलेंडर बघितलं का? गणपती ते दिवाळी हा काळ टाळा, कोजागरीच्या दुधाला कोण नाही म्हणणार. जूनमध्ये नवी इयत्ता असते. संक्रांतीनंतरचे दोन महिने आम्हाला बरे पडले.

## ५. एका वेळी एकच

वहीत ज्याच्याकडे बोट दाखवलं जातंय, ते पहिलं. वही काहीच सांगत नसेल तर हलक्यापासून जड असा क्रम ठेवा.

रंग. पिवळीधमक फरसाण, रंगीत जेली, गोळ्या. पाकिटावर आयएनएस १०२ किंवा ११० असे आकडे असतात. सामान्य मुलांवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने चंचलपणा थोडा वाढलेला दिसला होता. तो अभ्यास ऑटिझमचा नव्हता. पण रंग दोन आठवडे बंद करण्यात पोषणाचं काहीच जात नाही.

लॅक्टोज. दूध प्यायल्यावर गॅस, गुरगुर, पातळ शी होत असेल तर एक-दोन आठवडे लॅक्टोज-फ्री दूध द्या. बरं वाटलं तर प्रश्न दुधातल्या साखरेचा होता, अख्खं दूध बंद करायची गरजच नाही. जुलाब-उलट्यांच्या आजारानंतर काही आठवडे असं तात्पुरतंही होतं.

दूध, पूर्ण. तीन ते चार आठवडे. दही, ताक, पनीर, खवा सगळं. चाचणीपुरतं तूपही बाजूला ठेवा. गाईचं बंद करून म्हशीचं किंवा बकरीचं देण्यात अर्थ नाही, आणि देशी गाईच्या ए-टू दुधातही केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, असतंच.

गहू. रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावरच. सहा ते आठ आठवडे.

दर रविवारी सकाळी त्याच काट्यावर वजन करा. वही चालूच ठेवा.

थांबा: वजन घटलं, खाण्यातले जुने पदार्थ गळायला लागले, किंवा मूल पाणीही नीट पीत नसेल तर चाचणी तिथेच बंद करून आधीचं जेवण सुरू करा. शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, पोट फुगून कडक होणं, दुखण्याने झोपेतून उठणं असेल तर आहाराचा विचार सोडून डॉक्टरांकडे जा.

## ६. परत द्या

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. बरं वाटतंय तर कशाला परत देऊन बघायचं? पण परत दिल्याशिवाय सुधारणा बंद केल्यामुळे आली की पावसाळा संपल्यामुळे, हे कळायचा मार्ग नाही.

पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी पाव वाटी, तिसऱ्या दिवसापासून नेहमीचं, असं आठवडाभर. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची शंका नाही असं सांगितलेलं असेल तरच.

आणि मोजणाऱ्याला माहीत नको. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत १४ लहान मुलांचं दूध-गहू काही आठवडे कडक बंद ठेवलं, मग कुणालाही न कळता ते पदार्थ मधूनमधून खायला दिले. वागणं, झोप, शी, कशातच ठळक फरक दिसला नाही. १४ मुलं म्हणजे फार नव्हेत, पण आपल्या डोळ्यांना हवं ते दिसतं एवढं त्यावरून पटतं. घरी असं करा: नागलीची खीर एक आठवडा नारळाच्या दुधात, एक आठवडा साध्या दुधात. कुठला आठवडा कुठला, हे शिजवणाऱ्यालाच माहीत. आमच्याकडे खीर बाबा करायचा, आकडे मी लिहायचे, आणि शाळेच्या ताईंना काहीच सांगितलं नव्हतं. चवीतला फरक ओळखणारं मूल खीर ढकलून देईल. मग ती ढकलली हेही लिहा.

## ७. आकडे शेजारी शेजारी मांडा

तीन रकाने: बंद करण्याआधी, बंद असताना, परत दिल्यावर. बंद असताना आकडा उतरला आणि परत दिल्यावर चढला, तर एकदा पुन्हा तसंच करून बघा. दुसऱ्यांदाही तेच झालं तर वही घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा आणि लांबच्या पथ्याचा आराखडा करून घ्या. सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासायचं, कारण वाढत्या मुलांमध्ये हे बदलतं. सिलियाक निघाला तर गोष्ट वेगळी. ते पथ्य जन्मभराचं, त्यात परत देऊन बघणं नसतं.

आकडा हलला नाही तर पदार्थ परत सुरू करा. पूर्ण. "थोडं कमीच बरं" म्हणून अर्धवट पथ्य वर्षानुवर्षं चालू ठेवलेली घरं मला माहीत आहेत, आणि त्या मुलांचा वाढदिवसाचा केकही आईच्या पर्समधल्या डब्यात वेगळा असतो.

आमचा क्रम उलटाच झाला होता. दुधाची चाचणी आधी केली, बद्धकोष्ठ नंतर सापडलं. वहीतले रात्री उठण्याचे आकडे, आठवड्याचे: दूध चालू असताना ९, बंद असताना ९, परत दिल्यावर ८. बद्धकोष्ठाची पावडर सुरू करून दीड महिना झाल्यावरच्या पानावर ३.